अक्षतांवर टपलेले हंस

लग्नाच्या लॉन्सवर नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते वऱ्हाडासोबत येतात आणि वऱ्हाड गेलं तरी मागे राहतात, विसरलेल्या चपलांसारखे. चपला आम्ही महिन्याभराने टाकून देतो. किस्से टाकवत नाहीत.

नाशिकहून सिन्नरला जाताना हायवेलगत आमचं लॉन्स आहे. हिरवळ एकच, पण नाशकात एकालाही 'लॉन्स'च म्हणतात! मी तिथला मॅनेजर. माझा निम्मा वेळ लग्नं पार पाडण्यात जातो आणि निम्मा हंस हाकलण्यात.

शेजारच्या मळ्यात यमुनाआक्का एकट्या राहतात. राखणीला त्यांनी अकरा हंस पाळलेत. पांढरे, लठ्ठ आणि तोंडाळ. तारेखालून वाकून ते थेट आमच्या हिरवळीवर येतात, कोवळं गवत उपटतात आणि जे टाकायचं ते टाकून जातात.

पहिल्याच दिवशी मी चुकून 'बदकं' म्हणालो. आक्का कडाडल्या, "बदक आसंल तुमचा मालक! हंस हायेत ते!"

आमचे माळी रंगूमामा पुटपुटले, "हंस आसू द्या नायतर गरुड, हिरवळ मलाच धुवायचीय."

*

एकदा नवरदेवाच्या आई फोटोसाठी लॉनवर ऐसपैस बसल्या. उठल्या तेव्हा पैठणीवरच्या मोराशेजारी हंसाने सही केलेली! विहीणबाईच त्या. आमचे मालक अण्णा हात जोडून म्हणाले, "ताई, शुभ असतं."

"मग तुमच्या शर्टावर घ्या की!"

वऱ्हाड गेल्यावर अण्णांनी रंगूमामांना बोलावलं. "रंगनाथ, लग्नात परत एक जरी पक्षी लॉनवर दिसला, तर दुसऱ्या दिवशी तू इथे दिसायचा नाहीस."

मामांचं घर म्हणजे पंपाशेजारची खोली. नोकरीसोबत मिळालेली, म्हणजे नोकरीसोबतच जाणारी. मामा पाइप घेऊन हिरवळ धुवायला गेले. मला वाईट वाटलं, पण मी बुकिंगची वही उघडून बसलो.

*

मामांनी बुजगावणं केलं. त्याला कुणीतरी विसरलेली शेरवानी घातली, वर फेटा बांधला. दुसऱ्या दिवशीच्या लग्नात एक आजोबा त्याला दोनदा राम राम करून आले आणि तणतणत माझ्याकडे वळले.

"मुलीकडची लोकं लय माजलेत! राम राम बी घेईनात!"

हंस तेवढ्या वेळात त्याच शेरवानीच्या सावलीत बसून होते. नशीब, लग्न अजून लागायचं होतं आणि अण्णा यायचे होते. मामांनी सगळ्यांना हाकलून तारेपलीकडे घातलं.

*

मामांच्या साडूची द्राक्षबाग आहे. पाखरं येऊ नयेत म्हणून ते बागेत चकचकीत फिती बांधतात. मामांनी त्या आणून लॉनभर ताणल्या. हंसांनी एक फीत चोचीने ओढून बघितली आणि खालून निघून गेले.

बुकिंगला आलेल्या पार्टीला मात्र त्या फार आवडल्या. "आम्हालाही सेम हेच डेकोरेशन पाहिजे!"

अण्णांनी क्षणभर विचार केला. "फक्त तुमच्यासाठी म्हणून करू!"

*

मग टायगर आणला. नाव टायगर, जात गावठी. सगळ्यांत पुढच्या हंसाने मान लांब करून नुसतं फिस्स केलं आणि टायगर स्टेजखाली! आचाऱ्याने जिलेबी दाखवली तेव्हा कुठे बाहेर आला.

"कुत्र्याची राखन आता मीच करायची व्हय?" मामा म्हणाले.

*

शेवटी खरं कारण मामांनीच शोधलं. गवत नुसतं तोंडी लावायला होतं! हंसांना हव्या होत्या अक्षता.

मंगलाष्टकं सुरू झाली की अकराही जण तारेपाशी गोळा व्हायचे. प्रत्येक कडव्याला तांदूळ पडायचे, पण हे घाई करायचे नाहीत. शेवटचं 'सावधान' झालं, बँड वाजला, की आत! मामा दोन्ही हात पसरून आडवे धावायचे. पाहुण्यांना वाटायचं, माळी नाचतोय. नशीब, अण्णा तेव्हा पंगतीकडे असायचे.

आमचे गुरुजी मात्र खूश होते. "इतकं लक्ष देऊन माझी मंगलाष्टकं आजवर एकाही वऱ्हाडाने ऐकली नाहीत!"

मी तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या सुचवल्या. एका आत्याबाईंनी मला तिथल्या तिथे झापलं. "अक्षताच नाहीत, तर लग्न लागलं असं सांगायचं कसं?"

*

आणि मग अण्णांच्या धाकट्या मुलीचं लग्न आमच्याच लॉन्सवर ठरलं. मामांना जेवण जाईना.

चार दिवस आधी ते माझ्याकडे आले. "साहेब, आक्काला पत्रिका देऊ. ती मांडवात यायची म्हनल्यावर हंस कोंडूनच येईल ना!"

कुंपणाला कुंपण लागून इतकी वर्षं झाली, शेकडो लग्नं झाली, पण आक्कांना कुणी एकाही लग्नाला बोलावलं नव्हतं. हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. लाज वाटली. अण्णांनी नावं घालायला दिलेल्या गठ्ठ्यातली एक पत्रिका उरली होती. मी तिच्यावर सवयीने नाव घातलं, 'श्रीमती यमुनाआक्का, सहकुटुंब सहपरिवार'. मामांनी हळदकुंकू लावून ती पोचवली. आक्कांनी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "येऊ की!"

लग्नाच्या दिवशी तारेपाशी चिटपाखरू नव्हतं. मामा कित्येक दिवसांनी हसले. अण्णा गेटवर उभे राहून पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते.

तेवढ्यात गेटमधून आक्का आल्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांच्या मागे एका ओळीत अकरा हंस. आंघोळ घातलेले आणि प्रत्येकाच्या कपाळावर कुंकवाचं बोट!

गेटवरचे पाहुणे बाजूला सरले. मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"आक्का, हे काय?" अण्णांनी विचारलं.

आक्कांनी पिशवीतून पत्रिका काढली. "हितं लिवलंय, सहपरिवार. माझा परिवार ह्योच हाय. नगं आसंल तर माघारी जातो."

अण्णांनी पत्रिका हातात घेतली. अक्षर ओळखलं आणि माझ्याकडे बघितलं. मग हंसांकडे. मग कितीतरी वेळ रंगूमामांकडे.

"रंगनाथ, बघत काय उभा राहिलास? पाहुण्यांना पुढच्या रांगेत बसव!"