कटल्याचं डोकं

मासा मी निवडला होता, भाव मी केला होता आणि तो डोक्यासकट पाहिजे ही अटही माझीच होती. हे आधी सांगतो, कारण आमच्या घरात त्या दुपारची गोष्ट सगळे सुरू करतात ती मी दादाचं तोंड वाडग्यात दाबलं तिथून.

चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत माशाचं डोकं वडिलांचं असायचं. ते गिरणीत होते. मोठा मासा कधीतरीच यायचा. आई आम्हा दोघा भावांना तुकड्या वाढायची आणि डोकं त्यांच्या ताटात ठेवायची. ते गेल्यानंतर पहिल्यांदा मासा आला, तेव्हा तिने डोकं दादाच्या ताटात ठेवलं. तो थोरला, ठीक आहे. पण पुढे दादाची एकही नोकरी टिकली नाही. मी बंद गिरण्यांचं भंगार उचलत हात सोलून घेतले, घोडपदेवला गाळा घेतला, आईला लालबागला लिफ्टच्या घरात आणलं. तरी डोकं दादाचंच. रविवारी तो माझ्या घरी, माझ्या टेबलावर जेवायला बसायचा आणि आई माझ्या नाकासमोरून ते त्याला वाढायची. मला डोकं फार आवडतं असंही नाही. एकदा तिने ते आपल्या हाताने माझ्या ताटात ठेवावं, एवढंच हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी आई, दादा, वहिनी सगळ्यांना गाडीत घालून घाटावरच्या तळ्याच्या गावी नेलं. पाण्यात हंसाच्या आकाराच्या होड्या, काठाला भाजकी कणसं आणि ओळीने पत्र्याच्या छपराची हॉटेलं. त्यातल्या एका मालकाने बर्फावरचा कटला दाखवला. डोकं केवढं, अर्धा मासा तेच.

"डोकं आम्ही वेगळं विकतो, साहेब."

"मग बाकीचा पण तुम्हीच खा," म्हणून मी शेजारच्या हॉटेलाकडे वळलो.

त्याने लगेच हाक मारली. "या, घ्या डोक्यासकट. तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर मला होडी चालवावी लागेल."

आईने नाक मुरडलं. "तळ्यातलो मासो. चिखलाचो वास येतलो."

वेटरने डोक्याचा वाडगा ऑर्डर देणाऱ्यापुढे, म्हणजे माझ्यापुढे ठेवला. लाल रस्सा अजून रटरटत होता. मी हात लावला नाही. आईकडे बघत बसलो. तिने फक्त म्हणायचं होतं, घे. तिने पदराने वाडगा धरला आणि दादापुढे सरकवला.

"आई, ते मी मागवलंय."

"मागवलंस तू. थोरलो तो आसा."

दादाने नको म्हटलं नाही. "तुला काटे कुठे काढता येतात रे? लहानपणी घशात अडकवून बसायचास. तू आपल्या तुकड्या खा, भंगारवाल्या." वहिनी हसली. दादाने बोटाने माशाचा डोळा काढला आणि आवाज करत चोखला.

मी उठलो, त्याची मान धरली आणि तोंड वाडग्यात दाबलं. रस्सा गरम आहे हे मला दिसत होतं. तो रश्श्यातच ओरडला, तेव्हा मी आणखी जोर लावला. त्याच्या हाताला पाण्याचा स्टीलचा जग लागला. तो त्याने आंधळ्यासारखा फिरवला आणि माझी भुवई फाटली. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचा दात माझ्या बोटात रुतला. टेबल उलटलं. वहिनी माझे केस ओढत होती. मालक बांबू घेऊन आला आणि पाठीत दोन घातले, तेव्हा मी खुर्ची उचलून त्याच्यावर फेकली. दादाने खाली पडल्या पडल्या पोटात लाथ मारली. त्या लाथेने मात्र माझा श्वास गेला आणि मी पायरीवर बसलो.

आईने पदर पाण्यात भिजवून दादाच्या डोळ्यांवर धरला. माझं रक्त शर्टावर गळत होतं, तिकडे तिने पाहिलं नाही. मग ती वाकली. डोकं फरशीवर पडलं होतं आणि एक कुत्रा ते हुंगत होता. तिने त्याला हाकललं, डोकं उचलून ताटात घातलं आणि ताट माझ्यापुढे पायरीवर ठेवलं. आपल्या हाताने.

"तुका ह्याच होया होता मां? खा. माझ्यासमोर खा."

मी खाल्लं. दाताखाली माती कचकचली, भुवईचं रक्त ओठावर येत होतं. एक डोळा दादाने आधीच खाल्ला होता, दुसरा मी चोखला. चिखलाचा वास येत होता, त्यात ती बरोबर होती. मालक बांबू धरून बघत उभा होता. एकही काटा माझ्या घशात अडकला नाही.

दादाच्या गालावर भाजल्याचा डाग राहिला आहे म्हणतात. तो आता माझ्याकडे येत नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे, वाडगा माझा होता.

रविवारी आई माझ्याबरोबर बाजारात येते. कोळीण मासा कापायला घेते तसं आई सांगते, "डोक्याकडचा तूच ठेव गो. आमका नको."

"ठेवतेस तर भाव उतरव," मी म्हणतो. कोळीण कुरकुरत उतरवते. तोवर पिशवी घेऊन आई पुढे निघालेली असते.