बाईंनी मला विचारलं होतं

परवा दवाखान्यात दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासानं कर्वेनगरचं नर्सिंग कॉलेज आठवलं. मी तिथे शिपाई होते. तिथे शिकवणाऱ्या आमच्या बाईंना प्राचार्यपद देऊ केलं होतं, त्या दिवशी पाचपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नव्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसत क्लार्क म्हणाला, "बाई इंजेक्शनं शिकवतात छान. कॉलेज चालवायला पुरुषमाणूस लागतो." बाईंनी ते ऐकलं. घरी त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. साडेचारला बाईंनी मला हळूच विचारलं, "मावशी, जमेल का हो मला?" मला 'जमेल' म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "मला काय कळतं, बाई." त्यांनी नकाराची चिठ्ठी लिहून माझ्याच हाती दिली. माझं मत आजवर कुणी विचारलं ते तेवढं एकदाच, आणि मी ते दिलं नाही.