सुई जाळ्यातच होती

वर्षापूर्वी गेलेल्या माणसाचा कोड आज दुपारी लाईव्ह गेला.

फक्त मराठीत नाही. आपला तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ऑनलाईन ज्ञानकोश जितक्या भाषांत चालतो, तितक्या सगळ्या भाषांत.

जिंकलास रे हरेशदादा.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा रेवदंड्याचा कोळी. घरी बसून नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात ज्ञानकोशाचं सॉफ्टवेअर फुकट लिहायचा. मी शेजारच्या चौलची. हे काम मला त्यानेच शिकवलं.

माझं नाव मात्र त्याने कधी घेतलं नाही. कायम 'वाडीवाली'. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि आम्ही मासे खात नाही, या दोन्ही गुन्ह्यांची मिळून ही शिक्षा.

आता त्याचा कोड काय करतो ते ऐका.

एकदा त्याने आईला समोर बसवून बोंबील सुकवण्यावर लेख लिहायला घेतला. संदर्भाची पुस्तकं आधीच काढून ठेवली होती. त्याच्या आईला आम्ही सगळे आयच म्हणतो. आय सांगत होती, दादा मोबाईलवर टाईप करत होता, मी शेजारी बसून ऐकत होते.

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत कसे अडकवायचे, बांबूच्या वलांडीवर कसे टांगायचे, अवेळी ढग आले तर काय करायचं. अख्खी दुपार गेली त्यात.

सेव्ह करणार तेवढ्यात रेंज गेली. पान परत उघडलं तर कोरं करकरीत.

आय उठली. मी परत न्हाय सांगणार, म्हणाली. दादाने किती मस्का लावला, पण आय म्हणजे आय. पुन्हा तो विषयच काढू दिला नाही.

मग दादा हट्टाला पेटला. माणसाने अर्धवट लिहिलेलं त्याच्या फोनवर सांभाळून ठेवायचं, तो परत येईपर्यंत. एवढंच त्याला सॉफ्टवेअरमध्ये आणायचं होतं.

ऑनलाईन मीटिंगमध्ये बाहेरदेशीचे लोक म्हणाले, आयडिया छान आहे, पण दोन-चार दिवसांनी ते पुसून टाकू. त्यानंतर कोण परत येतंय?

दादाने लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा खिडकीबाहेर धरला.

खाली बंदरावर एक जाळं पसरलेलं होतं. अर्धं दुरुस्त केलेलं, विणायची सुई तशीच अडकवलेली. माणूस नव्हता. मग दादाने त्यांना समजावलं की तो माणूस बोटीवर गेलाय, कधी येईल सांगता येत नाही, पण तोवर ते जाळं कोणी गुंडाळणार नाही. येणारे-जाणारे वळसा घालून जातात.

त्याच मीटिंगमध्ये मुदत वाढली.

खरी गोची पुढे होती. तुम्ही परत येईपर्यंत तोच लेख दुसऱ्या कुणी बदलला असेल तर? तुमचं जुनं अर्धवट लिखाण त्याच्या कामावर जाऊन बसणार. दादा इथेच अडकला होता.

आणि एका सकाळी, ऑफिसची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, खुर्चीतच हार्ट अटॅक.

आमच्यातला सगळ्यात धडधाकट माणूस. मला तेव्हा रडू कमी आणि राग जास्त आला होता. अजून गेलेला नाही.

काही आठवड्यांनी ज्ञानकोशाच्या टीमकडून विचारणा आली. अगदी सभ्य भाषेत. लेखक हयात नाहीत, काम अपुरं आहे, बंद करायचं का?

मी स्कूटर काढली आणि रेवदंडा गाठलं. आय सुकट निवडत बसली होती. तिच्यापुढे सगळं ओकले.

तिने हात थांबवला नाही.

"अर्धं जाळं ठेवून माणूस दर्यात गेला नि आलाच न्हाय, तर काय करतात ठाव हाय?"

मी नाही म्हटलं.

"त्याच्या बोटीवरचा कोणतरी बसतो. त्याच सुईनं पुरं करतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्याच्याच बोटीवरची ना?"

वाडीवालीला बोटीवर घेतलं. आयने घेतलं.

बसले मग.

रिव्ह्यूमध्ये कोड तपासणाऱ्यांशी भांडले. चुकले, पुन्हा लिहिलं, पुन्हा भांडले. एक जण म्हणाला, जुना कोड किचकट आहे, तुझ्या नावाने नव्याने लिही, सोपं जाईल. मी म्हटलं, नाही. सुई तीच राहणार.

शेवटी दादाची गाठ सुटली. आता तुम्ही परत आलात की तुमचं लिखाण आणि मधे झालेला बदल, दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. कुणाचंच काही पुसलं जात नाही.

कोडच्या नोंदीत लेखक म्हणून नाव हरेशदादाचं आहे. माझं त्याच्याखाली. मला याहून चांगली जागा नको.

आज वर्षश्राद्धाची पानं उठली आणि मी आयच्या शेजारी जाऊन बसले. बोंबलाचं जेवढं आठवत होतं तेवढं टाईप केलं. मुद्दाम डेटा बंद केला. पान बंद केलं. फोनसुद्धा बंद करून चालू केला.

चहा प्यायलो.

उघडलं. सगळं होतं. शब्द न् शब्द.

आयने चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"ढगांचं अर्धंच लिवलंस," म्हणाली. "घे फोन. मी सांगते."

दादा, आय सांगतेय. मी लिहितेय.

रेंज गेली तरी चालेल आता.

तुला भावपूर्ण श्रद्धांजली, तुझ्याच बोटीवरून.
— वाडीवाली