ॲसिडवाला मुलगी बघायला जातो

मी नरोलीच्या एका कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर होतो. तारेवरचा गंज त्यात बुडवून काढतात. टाकीवरच्या माणसाने सुती कपडा घालायचा नाही, टेरिकॉटच घालायचं, हे आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. सुतीवर उडालेला थेंब दिसत नाही. धुतल्यावर कापड तिथे विरतं आणि जरा ताण बसला की फाटतं. मला हे पाठ होतं. तरी मुलगी बघायला जाण्यासाठी घेतलेला कोरा सुती शर्ट मी आदल्या दिवशी कामावर घालून गेलो. टाकीवरच्या मित्रांना दाखवल्याशिवाय राहवेना, दुसरं काय! संध्याकाळी धुतला, सकाळी इस्त्री केली. कुठे काही दिसलं नाही.

मुलीचं घर सिल्वासात, मंडळी आमच्याच धुळ्याकडची. याआधी दोन ठिकाणी कामाचं नाव ऐकूनच नकार आला होता, आणि ही मुलगी तर मला बघताक्षणी आवडली.

वडिलांनी विचारलं, "तुम्ही काय काम करतात?"

"ॲसिडवर आहे," मी रुबाबात म्हणालो.

वडिलांचा चेहरा वाईट बातमी ऐकल्यासारखा झाला. आजी मात्र खूश.

"संडासम्हा टाकतस तेच का रे भाऊ?"

मुलीचे मामा सोनार. ते म्हणाले, "आमच्याकडे थेंबभर पुरतं. खरं-खोटं लगेच कळतं." आणि माझ्याकडे रोखून बघत बसले.

मी चिवड्याची बशी घ्यायला हात पुढे केला, तर खांद्यावर टर्रकन आवाज झाला. सावरायला गेलो तर पोटावर दुसरं भोक. आजीने उंदराची चौकशी केली. सगळे हसले.

मुलगी हसली नाही. म्हणाली, "डोळ्यांना चष्मा देतात का तिथे?"

"देतात."

"घालतात तुम्ही?"

"रोज," मी ठोकून दिलं. काचेवर वाफ धरते म्हणून तो कायम खिळ्याला लटकलेला असायचा.

"मग डोळ्याखाली हे भाजलेलं कसलं?"

मसुराच्या दाण्याएवढा डाग. माझ्या आईलाही दिसला नव्हता. मी मान खाली घालून खरं ते सांगितलं.

"उद्यापासून घालणार असाल, तर मी बाबांना हो सांगते."

घालीन, मी सगळ्यांसमोर म्हणालो. टाकीवर इतकी वर्षं काढली, पण माझे डोळे आणखी कुणाला हवे असतील, असं मला कधी वाटलंच नव्हतं.