गणित कुणाच्या डोक्यात नसतं?

तुमच्या वर्गात गणित न येणाऱ्यांची जागा कुठे होती आणि तिथे कोणाची मुलं बसायची, हे तुम्ही कधी आठवून पाहिलंय का?

आमच्या वर्गात ती दाराशेजारी होती. झाडू, बादली आणि फळा पुसायचं फडकं ठेवलेलं असायचं, त्याला लागून. तिसरीच्या वर्षी एका सकाळी मला तिथे बसवलं आणि सातवी पास होऊन बाहेर पडेपर्यंत मी तिथेच होते. गुन्हा सांगते.

आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे, तापीच्या काठच्या काळ्या जमिनीतलं. घरी जमीन थोडी, पण दादर पिकायची. रब्बीची ती ज्वारी घरात आली की माय अंगणात रास करायची आणि पत्र्याचं माप घेऊन बसायची. पहिलं माप पोत्यात रिकामं करताना ती म्हणायची, "लाभ." मग दोन, तीन, चार. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, अशी रीत. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "एक म्हनं का रास तठेच थांबी जास. लाभ म्हनानं." मी तिच्यासमोर पोत्याचं तोंड धरून उभी असायचे. मोजणं मी तिथे शिकले. वीस मापं झाली की ती एक खडा बाजूला टाकायची, आणि शेवटी खडे पाहून मी रास किती ते सांगायचे. चूक होत नसे. झाली तर माय माझ्याकडे न बघता म्हणायची, "पुन्हा मोज वं बई."

तिसरीत गुरुजींनी टेबलावर ओंजळभर चिंचोके ओतले आणि मला बोलावलं. "मोज मोठ्यानं."

मी पहिला चिंचोका बाजूला सारला. "लाभ."

"काय?"

"लाभ. दोन. तीन."

गुरुजींनी माझा हात धरला. "इथं काय बाजार भरलाय?" वर्ग हसला. ते वर्गाकडे वळले, कारण हसणारा वर्ग कोणत्याही मास्तरला आवडतो. "पाहा रे, हिला एकसुद्धा येत नाही. एक!" मग दप्तर उचलायला लावून मला झाडूशेजारी पाठवलं. मधल्या सुट्टीत पोरी माझ्यामागे ओरडत होत्या, "लाभ उनी, लाभ उनी!" म्हणजे लाभ आली, लाभ आली. ते नाव मला सातवीपर्यंत पुरलं.

माझ्यानंतर चिंचोके मोजायला ग्रामसेवकाची मुलगी उठली. तिनं एकोणीस गाळला. अठरावरून थेट वीस. गुरुजी म्हणाले, "बघ बरं पुन्हा एकदा." ती हसली आणि तिनं पुन्हा मोजले.

मी बरोबर मोजत होते. ती चुकली होती. तिला पुन्हा मोजायला मिळालं, मला जागा बदलून मिळाली. इतकी वर्षं लोक मला सांगतात की काही डोकी गणिताची असतात आणि काही नसतात. हे खोटं आहे आणि सोयीचं आहे. मास्तरला सोयीचं, कारण मग शिकवावं लागत नाही. गावाला सोयीचं, कारण झाडूशेजारी कोण बसतं याचा हिशेब कोणी मागत नाही.

ती मुलगी मला अलीकडे शहाद्याच्या बसस्टँडवर भेटली. आता ती इंजिनिअर आहे आणि सुट्टीत वेळ जावा म्हणून कोडी सोडवते. मी तिला विचारलं, तुला गणित इतकं का आवडायचं गं? ती विचार करून म्हणाली, "अगं, चुकलं की अजून एकदा करायला मिळायचं ना. मजा यायची." तिला चिंचोके आठवतही नव्हते. मला तिचा राग आला नाही असं मी लिहू शकले असते. आला. बस लागेपर्यंत टिकला.

पण या लिखाणातली सगळ्यात वाईट माणसं गुरुजी आणि ती नाहीत.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझे वडील, आबा, शहाद्याच्या छापखान्यातून ते सायकलवर बांधून आणायचे, आणि आम्ही भावंडं जमिनीवर बसून घड्या घालायचो. शेतमजुरांचे हक्क, वनजमिनीचे दावे, बुवाबाजीचा धिक्कार. वाचायला मी पत्रकांवर शिकले. 'धिक्कार' हा शब्द मला 'धडा'च्या आधी येत होता. आबांना वाटायचं, जगातला प्रत्येक अन्याय एका कागदाच्या दोन बाजूंत मावतो. मी झाडूशेजारी बसते हे त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बसू दे. आकडा सावकारना कामना. आपल्याले इचार पाहिजे." मला ते केवढं मोठं वाटलं! मी तेच वाक्य पुढे वीस वर्षं वापरलं. मी लिहायला लागले, बोलायला लागले. सभेत उभी राहिले की सुरुवातीलाच म्हणायचे, "मी गणितात पहिल्यापासून ढ," आणि समोरचे हसायचे, टाळ्या द्यायचे. वर्ग हसवायची गुरुजींची युक्ती मी स्वतःवरच वापरत होते आणि त्याला नम्रपणा म्हणत होते.

हे मला माझ्या पुतणीनं दाखवलं. दाखवायचं म्हणून नाही. तिला फॉर्म भरायचा होता.

ती पाचवीत. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असते. निवड झाली की सहावीपासून राहणं, जेवण, प्रयोगशाळा, सगळं तिथेच. आमच्या गावची शाळा सातवीला संपते. पुढे हायवेपर्यंत चालत जाऊन बस धरावी लागते, आणि गावातल्या बहुतेक मुली तिथेच थांबतात, कारण घरचे थांबवतात. माझ्या भावजयीनं स्पष्ट सांगितलं होतं, सातवीनंतर रस्त्यावर पाठवणार नाही. म्हणजे पोरीसमोर वाट एकच होती आणि ती त्या फॉर्ममधून जात होती. वर्गशिक्षकांनी तिला सांगितलं, तुझा भरायचा नाही, तुझं गणित कच्चं आहे.

त्याच्या आठवडाभर आधी ती वही घेऊन माझ्याकडे आली होती. "फुई, हाई समजाडी दे ना." अपूर्णांक होते. मी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या घरात कुणाला गणित येत नाही गं." अन्यायाविरुद्धच लिहीत होते बहुतेक. ती वही मिटून गेली.

फॉर्मचं कळलं आणि मी तरातरा शाळेत गेले. मागे ती, पाठीला दप्तर. शिक्षकांच्या खोलीत चहा चालला होता.

"सर, हिचा फॉर्म का नाही भरला?"

"या ताई, बसा. चहा?"

"फॉर्म."

सर हसले. वयानं माझ्याएवढेच असतील. "ताई, तुम्ही लिहिता-बिहिता, चांगलं आहे. पण गणित म्हणजे भाषण नाही. तिच्या डोक्यातच नाही ते. उद्या ती पडली तर शाळेचं नाव खराब, आणि वरून विचारणा झाली तर मला. तुम्हाला नाही."

मी जे बोलायचं ते बोलले. समान संधी, शिक्षणाचा हक्क, सगळं. पत्रकाच्या दोन्ही बाजू भरतील एवढं. सरांनी ऐकून घेतलं, टेबलावरची सराव प्रश्नपत्रिका उचलली आणि माझ्यासमोर सरकवली. "घ्या. एवढं एकच करा. पाचवीचं आहे."

टाकीचा तीन अष्टमांश भाग भरायला नव्वद लिटर पाणी लागलं, तर पूर्ण टाकी किती लिटरची?

बाकीच्या दोघा शिक्षकांचे कप थांबले. माझे कान गरम झाले. मी ते वाक्य वाचत होते आणि शब्द सुटे होत होते. नव्वद दिसत होता, टाकी दिसत होती, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नव्हता. छत्तीस वर्षांची बाई, सभा गाजवणारी, पाचवीच्या कागदासमोर झाडूशेजारी जाऊन बसली.

"मला येत नाही," मी म्हणाले.

"बघा," सर दोघांकडे पाहून म्हणाले, "घरातच नाही. रक्तातच नाही म्हणा ना." आणि ते हसले. पुतणी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती.

घरी येताना कालवा लागला. मग ती म्हणाली, "फुई, तुले भेव वाटना का?"

"हो."

"माले बी वाटस. सर जोडे उभा ऱ्हायना का माले सात आठे पन येत नही. घरमा येस."

"सात आठे किती?"

"छप्पन," ती म्हणाली, चालता चालता, दगडाला लाथ मारत.

गणिताच्या भीतीवर मला यापेक्षा जास्त काही कळलेलं नाही. भीती छप्पनची नसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असते. मग ती त्या आकड्याला चिकटते आणि माणूस बदली होऊन गेला तरी आकड्यावर राहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर ओट्यावर बसले. आधी वही पाहिली. तिनं लिहिलं होतं, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा. का, विचारलं. "चार मोठा शे ना तीनपेक्षा."

मी म्हटलं, "बरं, एक भाकरी घे. तीन जणांत वाटली तर तुला किती मिळेल?"

"कोनता तीन जन?"

"कोणतेही."

"आसं कसं? पप्पा ऱ्हायना ते त्यासले पुरी लागस. मायले उरेल मिळस."

"समान वाटायची."

तिनं माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "फुई, समान कोनं घर वाटतस?"

मी हसले, आणि मग हसू थांबलं. पुस्तकात पहिल्याच ओळीला लिहिलेलं असतं, समान भाग करा. ही पोर वाटणी रोज पाहते आणि समान भाग तिनं एकदाही पाहिलेला नाही. तिला गणित कळत नव्हतं असं नाही, तिला घर फार नीट कळलं होतं. मी चुलीवरच्या दोन खऱ्या भाकरी आणल्या, मोजून सारखे तुकडे केले. आधी एकीचे तीन. मग दुसरीचे चार. तिनं तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. "म्हंजे खानारा वाढनात का तुकडा धाकला व्हस," ती म्हणाली, आणि वहीतलं उत्तर स्वतः खोडलं.

मग आम्ही ती टाकी काढली. मीच काढली, कारण ती माझ्या घशात अडकली होती. खडूनं ओट्यावर मोठा चौकोन, त्याचे आठ खण. तीन खण तिनं घासून पांढरे केले.

"हाई तीन खणमा नव्वद," ती म्हणाली. मग खडूचं टोक त्या तीन खणांवरून फिरवत राहिली. मी काहीतरी बोलणार होते, पण थांबले. आयुष्यात इतकं अवघड थांबणं मी क्वचितच थांबले असेन. "मंग एक खणमा तीस!"

"आणि आठ?"

तिनं आधी दोनशे सांगितलं. मी म्हटलं, बघ बरं पुन्हा. तिनं प्रत्येक खणात तीस लिहिले आणि बोट फिरवत बेरीज केली. "दोनशे चाळीस."

कितीतरी वर्षांनी मला आकड्यांचा आनंद झाला, अगदी साधा, आठ खण एकमेकांशी जुळल्याचा. आणि त्यामागोमाग राग. हे एवढंच होतं? ओटा, खडू, एक दुपार आणि शेजारी न हसणारं माणूस? एवढ्यासाठी मला हाकललं होतं?

त्या सरांना टाकीचं उत्तर दाखवायला मी गेले नाही. माझी परीक्षा घ्यायचा त्यांना अधिकार नव्हता, हे मला उशिरा सुचलं. मी मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहिला, तीन ओळींचा: या मुलीचा फॉर्म कोणत्या नियमानं नाकारला ते लेखी द्यावं. धिक्कार नाही, हक्क नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. अर्जाची पोच मागितली. अर्धा तास कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. लेखी द्यायला कोणी तयार होईना, कारण तसा नियमच नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी फॉर्म भरला गेला. सर फोटो चिकटवताना म्हणाले, "तुमची हौस."

परीक्षा झाली. निवड यादीत तिचं नाव आलं नाही.

मी खोटा शेवट लिहिणार नाही. घरच्यांनी पढवलेली, क्लासला जाणारी मुलं होती समोर, आणि आमच्याकडे दोन महिने आणि एक ओटा. ती एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी विचारायला लागली की आपलं काय चुकलं ते बघायला पेपर मिळतो का. मिळत नाही. सातवीनंतरचं भांडण अजून उभं आहे आणि ते मी घरात भांडणार आहे.

पण फॉर्म भरताना सरांच्या टेबलावर मी एक कागद पाहिला. वर्गातल्या ज्यांचे फॉर्म भरायचे नव्हते त्यांची नावं होती, पेन्सिलीनं लिहिलेली. जवळजवळ सगळी कालव्यापलीकडच्या वस्तीतली. त्यांचे आई-बाप कामावर, कित्येक तर कामासाठी जिल्ह्याबाहेर. त्यांच्यासाठी कोणतीही आत्या तरातरा आली नव्हती. मी माझ्या पुतणीपुरतं भांडून परत आले, आणि ती यादी तिथेच राहिली. ही माझी लाज आहे, तुमची होऊ देऊ नका.

म्हणून एक काम करा. तुमच्या गावच्या शाळेत जा, फॉर्मची मुदत संपायच्या आत. कोणाचे फॉर्म भरले हे विचारू नका, ते सगळे सांगतात. कोणाचे भरले नाहीत ती नावं मागा, आणि प्रत्येक नावापुढचं कारण लेखी मागा.