दसऱ्याचं कुंकू आणि टीव्हीतला राजा

व्हिडिओ गेमला मी हळदकुंकू वाहिलं होतं. नुसतं बोट टेकवून नव्हे, चांगलं चिमूटभर, आणि तेही नेमकं कॅसेट बसते त्या खाचेत. वर झेंडूचं फूल. मी मॅट्रिक पास आहे, हे तेव्हा मी भेटेल त्याला सांगत असे, म्हणून इथेही सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांतली. सासऱ्यांचे बुद्धिबळातले जोडीदार, शेजारचे म्हातारे, गिरणी बंद पडल्यावर कोकणात गावी निघून गेले. तेव्हापासून सासरे संध्याकाळी पट मांडून एकटेच बसत. दोन्हीकडून स्वतःच खेळत आणि कुणीही जिंकलं तरी तोंड पाडून उठत. ते ऐकून मस्कतच्या दिरानं सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचा गेम आणला, बुद्धिबळाच्या कॅसेटसकट. पण आला तो पितृपक्षात. नवी वस्तू आत्ता उघडायची नाही, म्हणून मी अडून बसले. दीर परत गेला, खोकं कपाटावर चढलं, आणि दसऱ्याला मी त्याची अशी यथासांग पूजा केली.

जेवणं झाल्यावर नवऱ्यानं वायरी जोडल्या. पडद्यावर पट उमटला. पहिल्याच खेळीला यंत्रानं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. सासरे म्हणाले, चोर आहे. थोड्या वेळानं त्यांनी आपला राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवायला घेतला. डावात एकदा, शह बसण्याआधी, राजाला ही उडी मिळते, हे आमच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक. यंत्र गुरगुरलं आणि राजा जागच्या जागी परत. तीनदा तेच. नवऱ्यानं कॅसेट काढून फुंकली, पुन्हा बसवली. त्याच्या बोटांना लाल लागलेलं फक्त मला दिसलं.

कबूल करायचं सोडून मी काय करावं? सासरे भाजीला गेले की केसातल्या आकड्याला कापूस गुंडाळून खाच कोरायची. गणपतीला नारळ बोलले. आकड्यानं काही निघेना, उलट कापूसच आत राहिला की काय, ही नवी धास्ती. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी गेम खोक्यात भरला आणि लाकडी पट मांडला. एकट्यानं.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आमची वाटी परत द्यायला आली. कॉलेजच्या संघातून बुद्धिबळ खेळायची. सासऱ्यांनी तिच्याकडे गाऱ्हाणं मांडलं, तिनं गेम पुन्हा जोडायला लावला. राजाची उडी, गुरगुर, राजा परत. मला राहवेना. स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलले, "बाबा, मीच बिघडवलाय तो. कुंकू गेलंय त्याच्या पोटात."

मुलगी हसत खालीच बसली. मग तिनं सांगितलं, काहीही बिघडलेलं नाही. स्पर्धांमध्ये सगळीकडे प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाऊ शकतं, आणि राजाची ती उडी तिथे नसतेच. ती आपली देशी रीत, या यंत्राच्या गावीही नाही.

चार दिवस पोटात धरलेला दगड उतरला. बोललेला नारळ मात्र फोडला. देवाला काय सांगणार, की नियम वेगळे होते म्हणून?

सासऱ्यांनी नव्या नियमांनी डाव मांडला. मुलगी घरी जायच्या आत ते हरलेसुद्धा, आणि दसऱ्यापासून पहिल्यांदा हसले. लगेच दुसरा डाव लावला. मी चहा पुढे केला, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"सूनबाई, पुढच्या दसऱ्याला जरा जास्त कुंकू टाक गो. माझ्या राजाची उडी गेली ती गेली, त्या यंत्राच्या वजिराचं धावणं तरी थांबू दे."