पन्नासपैकी एकवीस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे हसलात तर मी गोष्ट तिथंच सोडून उठेन. मी कसा माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे. दूध तापत ठेवलं तरी दर मिनिटाला झाकण उघडून बघतो. अशा माणसाला कोणी परीक्षक करतं का? केलं. आणि मी स्वतःच्या हातानं स्वतःची बदली बुडवली.

मी मौद्याकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि राहतो नागपुरात, सक्करदऱ्याला. सकाळी निघतो तेव्हा मुलगी झोपलेली असते, परत येतो तेव्हा ती पेंगत असते. मागे तिनं शाळेत चित्र काढलं, 'माझे कुटुंब'. त्यात ती होती, तिची आई होती, शेजाऱ्यांचं कुत्रं होतं. मी नव्हतो. त्या चित्रानं माझी झोप उडाली. लगेच नागपूर ऑफिसला बदलीचा अर्ज टाकला. तिथं खुर्ची एकच रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची, ते आमचे वैरागडे साहेब ठरवणार होते.

आता गंमत अशी, की साहेबांना आणि मला वेड एकच. घरी बिअर बनवायचं. माझं पिंप बाथरूममध्ये असतं, त्यामुळे माझी बायको प्रणाली रोज आंघोळीच्या वेळी माझा उद्धार करते. साहेबांचा बंगला आहे, तिथं सगळी सोय. एकदा कॅन्टीनमध्ये जेवता जेवता ते सहज बोलून गेले, "रामटेके, या वर्षी स्पर्धेले आपण गव्हाची बिअर बनवून राहिलो. त्यात संत्र्याची साल टाकली. घरच्या झाडाची संत्री आहे गा. काय वास येते."

मी ते कानात जपून ठेवलं. आणि नेमका स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आयोजकांचा फोन आला. एक परीक्षक कमी पडतोय, तुम्ही तो बिअर पारखायचा एक दिवसाचा क्लास केला होता ना, मग या. टेबल कुठलं? गव्हाच्या बिअरचं. परवान्याचं वगैरे त्यांनी बघून घेतलं होतं, तुम्ही त्यात पडू नका.

प्रणाली म्हणाली, "तुम्हाले कळते तरी का त्यातलं?"

"अवं, क्लास केला ना मी."

"मंग साहेबाची ओळखून काढा आन् देऊन टाका मार्क. पोरीनं आणखी किती चित्रं काढायची तुमच्याबिना?"

हा सल्ला मी मानला. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

परीक्षणाची पद्धत सांगतो. बिअर आतल्या खोलीत ग्लासात ओततात आणि बाहेर आणतात, वर फक्त नंबर. बनवणाऱ्याचं नाव आपल्याला कळत नाही. वास, रंग, फेस, चव, सगळं धरून पन्नासपैकी गुण द्यायचे. खाली अभिप्राय लिहायचा. आधी काहीतरी चांगलं, मग दोष, मग सुधारणा. एका टेबलावर दोन परीक्षक, आणि दोघांच्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक चालत नाही, बोलून जवळ यायचं. शेवटी कागदावर आपलं नाव घालून सही करायची आणि तो कागद बनवणाऱ्याला मिळतो. म्हणजे बघा, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, आपलं मात्र त्याला कळणार. या शेवटच्या कलमाकडे मी नीट लक्ष दिलं असतं तर आज तुम्हाला दुसरी गोष्ट सांगितली असती.

माझ्यासोबत होत्या शेंडेबाई. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि बिअरकडेही नापास मुलाकडे बघावं तसं बघतात. मी खुर्चीवर बसलो खरा, पण पाय थांबेनात. साहेबांची कधी येते, कधी येते.

"रामटेके, तुम्ही काहून एवढे हलून राहिले? टेबल हलते. फेस बसून जाते त्यानं."

पहिला ग्लास आला. नाकाजवळ नेला आणि संत्र्याचा वास! माझं काम झालं. पंचेचाळीस दिले, 'परीक्षकाचे डोळे पाणावले' असं लिहिलं आणि मागे टेकून बसलो.

दुसरा ग्लास आला. संत्रं.

म्हटलं, असेल एखादा दुसराही. पण साहेबांची हीच असली तर? सेहेचाळीस दिले. तिसरा आला. संत्रं. चौथा, संत्रं. पाचव्यात तर साल ग्लासातच तरंगत होती. अहो, नागपूर आहे हे. इथं माणूस गव्हाच्या बिअरीत संत्रं नाही टाकणार तर काय टाकणार? ही साधी गोष्ट मला तिथं बसेपर्यंत सुचली नाही. मी नाक बुडवून बुडवून घरच्या झाडाचा वास शोधत होतो. झाडाचा वास कधी वेगळा येतो का? पण मी शोधत होतो.

शेंडेबाईंनी पेन खाली ठेवलं. "पाचाहीले पंचेचाळीस नाही तं त्याच्या वर? तुम्ही परीक्षक आहात का लग्नातले पाहुणे? असंच चालवाल तर मी आयोजकाले सांगते, तुमचे कागद बादच करा म्हणून."

बाद झाले तर साहेबांचे गुणही गेले. आपण किती कडक आहोत हे आता दाखवायला हवं होतं. आणि तेवढ्यात सहावा ग्लास आला. वास घेतला. संत्रं नाही. साधी, गव्हाची, मऊ. लवंगेचा अगदी हलका वास. खरं सांगू? त्या दिवशी प्यायलेली ती सर्वांत चांगली बिअर होती. घोट घेतल्यावर माझा पायसुद्धा हलायचा थांबला.

पण साहेबांची नव्हती ना. मी तिला चौदा दिले.

"चौदा?" शेंडेबाई ओरडल्याच. "मी अडतीस देले. एवढी चांगली आहे ही."

मग मी जो बोललो, जो बोललो. क्लासमधले होते नव्हते तेवढे सगळे शब्द वापरले. शेवटी त्या कंटाळून अठ्ठावीसवर आल्या, मी उपकार केल्यासारखा एकवीसवर आलो. आणि झोकात अभिप्राय लिहिला: 'रंग बरा आहे. परंतु बनवणाऱ्याची घाई चवीत दिसते. अजून मुरू द्यावी. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.' खाली लांबलचक सही.

निकाल लागला, तिसऱ्या ग्लासातल्या संत्र्याला पहिलं बक्षीस मिळालं. साहेब आणि त्यांच्या मिसेस, वैरागडे मॅडम, मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मी धावतच गेलो. "साहेब, त्या संत्र्याच्या बिअरींतली तुमची कोणती?"

"संत्र्याची कुठं गा. साखर जास्त पडली, साऱ्या बाटल्या घरीच फुटल्या. छताले साली चिकटून आहे अजून. मंग मॅडमनं बनवलेली साधी आणली. सहावा नंबर होता." आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "हे पाय, परीक्षकानं लिहून देलं. माहा चश्मा गाडीत राहिला. तू वाच बरं."

मी कागद हातात घेतला. माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं.

"वास... अतिशय सुंदर," मी वाचू लागलो. "चव तर... अशी चव विदर्भात झाली नाही. बनवणाऱ्या माउलीला नमस्कार."

"माउली?" साहेब म्हणाले. "बाई आहे हे त्याले कसं समजलं? आन् मंग एकवीसच काहून देले? तेवढा मोठा आकडा मले बिना चश्म्याचाही दिसते."

"साहेब, कागद काय वाचत बसता. चला, सावजीत जाऊ, मी खाऊ घालतो."

मॅडमनी शांतपणे पर्समधून स्वतःचा चश्मा काढला, माझ्या हातून कागद घेतला आणि वरून खालपर्यंत वाचला. सहीशी जरा जास्त वेळ थांबल्या. मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे हो तुमचं, रामटेके." आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी माझा बदलीचा अर्ज परत आला. खाली साहेबांच्या हातचा शेरा होता: 'अक्षर बरे आहे. परंतु अर्जदाराची घाई दिसते. मौद्यातच अजून मुरू द्यावे. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा. पन्नासपैकी एकवीस.'

तो घेऊन मी घरी आलो आणि प्रणालीच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला. मला वाटलं, आता साहेबांना चार शिव्या तरी देईल.

"एकवीस?" ती म्हणाली. "साहेबानं जास्तच देले वं बाई."